पायऱ्यांना माल किती लागेल? आधी दोरी ताणा

आईच्या घरासमोरच्या दहा पायऱ्या आता मधोमध पार खोलगट झाल्यात, पावसात तिथे पाणी साचतं, शेवाळ धरतं आणि ती उतरताना माझा जीव वरखाली होतो. वरून सिमेंट-वाळूचा नवा थर देऊन त्या सरळ करायला किती माल लागेल असं मिस्त्रींना विचारलं तर ते गेटमधूनच बघून म्हणाले, चार गोण्या सिमेंट आणि अर्धा ब्रास वाळू आणून टाका. त्यांची चूक म्हणणार नाही, ऐनवेळी माल कमी पडून काम अर्धवट सुटलं तर बोलणी त्यांनाच बसतात. पण अर्धा ब्रास म्हणजे 50 घनफूट वाळू, एवढी लागेल का हे बघायला मी टेप घेऊन पायरीवर बसले.

पायरी 1.2 मीटर लांब, पाय ठेवायचा भाग 25 सेंमी, उभा भाग 15 सेंमी. दहा पायऱ्यांचा आडवा भाग झाला 3 चौरस मीटर आणि उभा 1.8. इथपर्यंत सोपं आहे, बहुतेक लोक इथेच "सरासरी इंचभर थर" धरून मोकळे होतात, आणि सगळा अंदाज चुकतो तो इथेच. कारण लांबी-रुंदी काही बदलत नाही, बदलते ती जाडी, आणि झिजलेल्या पायरीवर ती जागोजागी वेगळी असते.

म्हणून पायरीच्या दोन्ही टोकांना नवी लेव्हल धरून लाइनदोरी ताणली आणि दोरीपासून खाली पाच ठिकाणी मोजलं: 20, 24, 31, 26, 19 मिलिमीटर. बेरीज 120, सरासरी 24. बाकीच्या पायऱ्यांचंही असंच मोजलं, दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे. उभा भाग झिजत नाही, तिथे 12 मिमी पुरे. म्हणजे आडव्याला 72 लिटर, उभ्याला साधारण 22, एकूण 94 लिटर माल. कोपऱ्यांचं काय असं मनात आलंच, पण बाहेरच्या कडेवर जेवढा चौकोनी तुकडा जास्त लागतो तेवढाच आतल्या कोपऱ्यात दोनदा मोजला गेलेला असतो, त्यामुळे हिशोब फिटतो.

आता गंमत अशी की 94 लिटर कालवलेला माल हवा असेल तर 94 लिटर कोरडं सामान पुरत नाही. वाळूच्या कणांमध्ये पोकळी असते, सिमेंट आणि पाणी त्या पोकळीत जाऊन बसतं आणि सगळं आकसतं. त्यामुळे 1.33 ने गुणायचं, झाले 125 लिटर. एकास चारचा माल (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) धरला तर सिमेंट 25 लिटर, म्हणजे 36 किलो (50 किलोची गोणी साधारण 35 लिटरची असते), आणि वाळू 100 लिटर. सांडलवंड 10 टक्के धरून सिमेंट 40 किलो, वाळू 110 लिटर. एका गोणीत काम होऊन वर दहा किलो उरतं, ते जुन्या काँक्रीटवर टाचे मारून (म्हणजे छिन्नीने खरबरीत करून), धुवून, ओलं करून त्यावर स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट, लावायला कामी येतं. हे टाळू नका, कोरडं काँक्रीट नव्या मालातलं पाणी शोषून घेतं आणि मग थर पोकळ वाजायला लागतो.

वाळूचं मात्र अजून एक आहे. वाळू थोडी ओली असली की प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो, पृष्ठताणामुळे कण एकमेकांपासून लांब राहतात आणि तीच वाळू जास्त जागा खाते, म्हणजेच फुगते. पूर्ण बुडवली तर पापुद्रे मोडतात आणि वाळू परत खाली बसते. घरी करून बघा, सरळ उभ्या बरणीत ओली वाळू 20 सेंमीपर्यंत भरा, काढून घ्या, बरणीत निम्मं पाणी घेऊन तीच वाळू परत टाका आणि काडीने ढवळा. आमची 16 सेंमीवर आली, म्हणजे फुगवटा 25 टक्के. अशी वाळू घमेल्याने एकास चार मोजली तर खरं प्रमाण पडतं एकास 3.2, सिमेंट जास्त जातं आणि आकसून बारीक भेगा पडण्याचा धोका वाढतो. म्हणून 110 ऐवजी 137 लिटर ओली वाळू, 5 घनफुटांच्या किंचित आत.

(थर जर 5-6 मिमीचाच हवा असेल तर हा साधा माल वापरूच नका, तो सुटून येतो. तिथे तयार पॉलिमर मॉर्टर घ्यायचा. तयार माल लिटरला ढोबळ 2 किलो धरायचा, बाकी गोणीवर लिहिलेलं असतं.)

गोणी आणायला निघणार तेवढ्यात लक्षात आलं की सगळ्या पायऱ्या 24 मिमीने वर येणार पण वरचा ओटा आहे तिथेच राहणार. म्हणजे शेवटची चढण 15 सेंमीची 12.6 होणार आणि अंगणातून पहिली 17.4. पाय सवयीने ठराविक उंचीच उचलतो, अशा एखाद्या वेगळ्या पायरीवरच माणूस अडखळतो, आणि आई 74 वर्षांची आहे. अंगणात फरशी घालायचीच होती, ती तेवढी उंच घेतली. ओटा 1.2 बाय 1.2 मीटर, त्यावरही तेवढाच थर म्हणजे अजून 35 लिटर माल. सिमेंट गेलं 54 किलोवर, एका गोणीच्या दोन झाल्या, ओली वाळू 7 घनफूट. मिस्त्रींना कागद दाखवला, त्यांनी दोरी ताणून स्वतः एकदा मोजून बघितलं आणि म्हणाले, दोन गोण्याच सांगा दुकानात.