व्होल्टेज डाऊन असताना मोटर जास्त करंट का खाते?

द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी झाली की नाशिकच्या दिंडोरी-निफाड पट्ट्यात सगळ्यांच्या पाण्याच्या मोटरी एकदम सुरू होतात, डीपीवर (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर) लोड येतो, व्होल्टेज पडतं आणि मग व्हॉट्सअॅपवर एक ज्ञान फिरायला लागतं की व्होल्टेज कमी असेल तेव्हाच पाणी भरून घ्या, कारण करंट कमी जातो, बिल कमी येतं. ऐकायला अगदी बरोबर वाटतं. शाळेत ओहमचा नियम शिकलोच आहोत ना, व्होल्टेज कमी तर करंट कमी! आणि नेमक्या याच दिवसांत जळालेल्या मोटरी पुन्हा गुंडाळून देणाऱ्या रिवायंडिंगच्या दुकानात जागा नसते.

गिझरच्या बाबतीत हे गणित चालतं. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अॅम्पियर घेतो (वॅट भागिले व्होल्ट), आणि २३० भागिले ८.७ म्हणजे त्याच्या कॉइलचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) आला २६ ओहमच्या आसपास. आता नाशिकरोडला एखाद्या संध्याकाळी १८० व्होल्टच आले तर करंट होतो ६.८ आणि पॉवर १२२५ वॅट. म्हणजे व्होल्टेज पाचव्या हिश्श्याने उतरलं तर पॉवर जवळजवळ चाळीस टक्के उतरली, कारण व्होल्टेज आणि करंट दोन्ही एकाच वेळी पडतात आणि पॉवर हा दोघांचा गुणाकार आहे. बिल मात्र वाचत नाही हां, तेवढंच पाणी तापायला वेळ जास्त लागतो, झालं.

गेओर्ग ओहम हा जर्मन मास्तर, त्याने १८२७ साली हे मांडलं ते धातूच्या तारांवर प्रयोग करून. मोटर म्हणजे नुसती तार नाही, इथेच सगळी गोम आहे.

दीड एचपीच्या सिंगल फेज मोटरच्या वाइंडिंगला, म्हणजे आत गुंडाळलेल्या तारेला, मल्टीमीटर लावा, दोन-तीन ओहम दाखवेल. (विहिरीवरच्या मोठ्या मोटरी थ्री फेज असतात, त्यांचा हिशोब थोडा वेगळा, पण गोष्ट तीच.) आता २३० भागिले २ केलं तर ११५ अॅम्पियर येतात! एवढा करंट खरंच गेला तर फ्यूज क्षणात उडेल. प्रत्यक्षात चालू मोटर दहाच्या आसपास घेते. मग बाकीचा करंट अडवतं कोण?

अडवते ती मोटरच. वाइंडिंगमधून एसी करंट गेला की मॅग्नेटिक फील्ड तयार होतं, ते सतत बदलतं आणि त्याच वाइंडिंगमध्ये उलटं व्होल्टेज तयार करतं, त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. हे उलटं व्होल्टेज सप्लायच्या व्होल्टेजला जवळजवळ तोडीस तोड असतं, त्यामुळे करंट ढकलायला उरतं थोडंसंच. पण हे कधी, तर आतला रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, त्या फिरत्या फील्डच्या जवळपास वेगाने पळत असेल तेव्हा. ५० सायकलवर फील्ड मिनिटाला ३००० फेरे मारतं, रोटर २८५०-२९००. मधल्या फरकाला स्लिप म्हणतात. आता व्होल्टेज पडलं की फील्ड अशक्त होतं, पण विहिरीची खोली काय कमी होत नाही, पाणी तेवढंच वर ओढायचंय, मग रोटर मागे पडतो, स्लिप वाढते, रोटरच्या पट्ट्यांमध्ये जास्त करंट तयार होतो आणि तो भागवायला वाइंडिंग सप्लायकडून जास्त ओढते. १० चे १३ अॅम्पियर झाले तर वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने, म्हणजे सुमारे १.७ पट वाढते. तारेवरचं इन्सुलेशन भाजतं ते इथे. (मोटरमध्ये व्होल्टेज आणि करंट एकाच क्षणी चढत-उतरत नाहीत, हा फेजचा फरक पण येतो, म्हणून मोटरला २३० गुणिले १० म्हणजे सरळ २३०० वॅट होत नाहीत, पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारातला खऱ्या पॉवरचा हिस्सा, ०.८ धरला तर १८४०.)

त्यात केबल. डीपीपासून मोटर २०० मीटरवर आणि वायर अडीच स्क्वेअर एमएम तांब्याची असेल तर जाऊन-येऊन ४०० मीटर होते, येणारी तार हिशोबात धरायची लोक हमखास विसरतात. रेझिस्टन्स आला ३ ओहम. १० अॅम्पियरला ३० व्होल्ट वाटेतच गेले आणि ३०० वॅट नुसते तार गरम करण्यात. आणि सुरू होताना रोटर जागचा हललेला नसतो, त्यामुळे मोटर पाच-सहा पट करंट मागते, तेव्हा मोटरच्या तोंडाशी ढोबळमानाने १४०-१५० व्होल्टच पोचतात. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने पडते, म्हणजे निम्म्याहून कमी उरते. मग ती नुसती घूं घूं करते, फिरत नाही, आणि आपण स्टार्टरला लिंबू-मिरची बांधतो. तेवढ्या पैशात जाड वायरचा एक फूट तरी येईल.

प्लगमध्ये खोचायचे ते ‘पॉवर सेव्हर’ पण याच जातीचे. बहुतेकांत एक कपॅसिटर आणि एक एलईडी असतो. घरगुती मीटर युनिट मोजतो, म्हणजे खरी वॅट गुणिले तास, आणि कपॅसिटरने त्यात काडीचा फरक पडत नाही. अर्ध्या बिलाची गॅरंटी देणाऱ्याला पॉवर फॅक्टर विचारून बघा.

व्होल्टेज तपासायचं तर मोटर चालू असताना, मोटरच्या टोकाला, आणि सोबत क्लॅम्प मीटरने (तारेभोवती चिमटा लावून मोजणाऱ्या मीटरने) करंट. आपले लोक मोटर बंद ठेवून बोर्डावर मीटर लावतात, तो २३० दाखवतो, आणि मग वायरमनशी भांडतात की सप्लाय तर फुल आहे. करंटच जात नाही तर शून्य गुणिले ३ ओहम शून्यच, वाटेत गळणार काय? डीपीजवळचं आणि मोटरजवळचं रीडिंग चालू लोडवर घ्या, त्यातला फरक भागिले करंट केला की तुमच्या केबलचा रेझिस्टन्स घरबसल्या हातात. सहा स्क्वेअर एमएमची टाकली तर तोच ३ चा सव्वा ओहम होतो, आणि ३० ऐवजी १२-१३ व्होल्टच वाटेत जातात.