बालगायक (ग्वाल्हेर परंपरा)

प्रौढ गवयाची तयारी लहानपणीच गळ्यात दिसणारे मूल, आणि अशा मुलाभोवती ग्वाल्हेरच्या गायकघराण्यांत व लष्कर भागातील मराठी कुटुंबांत रूढ झालेली तालीम, मैफल व वडीलधाऱ्यांच्या अपेक्षा यांची पद्धत. मानसशास्त्रात साधारणतः वयाच्या दहा वर्षांच्या आत एखाद्या कठीण क्षेत्रात प्रौढ जाणकाराच्या तोडीचे काम करणाऱ्या मुलास बालप्रतिभावंत म्हणतात. संगीत, गणित व बुद्धिबळ यांत अशी मुले अधिक दिसतात, कारण या विद्यांचे नियम बांधलेले असून त्यांना आयुष्याच्या अनुभवाची फारशी गरज लागत नाही. ग्वाल्हेरच्या संदर्भात मात्र ही व्याख्या अपुरी पडते. येथे मुलाच्या वयाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, ते कोणाचे नातू, कोणाचे शागीर्द, हा प्रश्न मोलाचा मानला गेला.

दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याजवळ छावणी कायम केली, तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. दरबाराचा आश्रय आणि वाड्यावाड्यांतील गाण्याची आवड यांमुळे ख्याल गायकी येथे रुजली व मराठी शिष्यांमार्फत दक्षिणेत गेली. बालगायकाच्या विषयात मध्यवर्ती आहे ती हस्सूखाँ यांची कथा.

हद्दूखाँ, हस्सूखाँ व नत्थूखाँ हे नत्थन पीरबक्ष यांचे नातू म्हणून ओळखले जातात. (नत्थन आणि पीरबक्ष ही एकाच व्यक्तीची नावे की दोन भावांची, याबद्दल मतभेद आहेत. येथे एकच व्यक्ती गृहीत धरली आहे.) कथा अशी की, दरबारचे गवई बडे महंमदखाँ यांची तानबाजी (जलद स्वरमालिकांची गायकी) ऐकता यावी म्हणून हद्दू-हस्सू या मुलांना पडद्याआड बसवले जाई. काही महिन्यांत त्यांनी ती गायकी उचलली आणि भर दरबारात गाऊन दाखवली. पुढे एका मैफलीत बडे महंमदखाँ यांनी हस्सूखाँना मियाँमल्हारातील ‘कडकबिजली’ तान घ्यायला लावली. दुसऱ्यांदा घेताना त्यांची फासळी मोडली व तोंडातून रक्त आले. आजोबांनी शेल्याने रक्त पुसले आणि मरायचेच असेल तर तान पुरी करून मर, असे नातवाला सांगितले. हस्सूखाँ त्यातच गेले, असे कथा सांगते.

या प्रसंगाचा काळ निश्चित करणे कठीण आहे. बहुतेक निवेदनांत राजा दौलतराव (कार. १७९४–१८२७) असतो, काहींत जयाजीराव (कार. १८४३–८६). हस्सूखाँच्या मृत्यूचे साल अनेक संदर्भांत १८५९ असे येते, हद्दूखाँचे १८७५. १८५९ हे साल धरले तर मृत्यूसमयी हस्सूखाँ लहान मूल असणे शक्य नाही, आणि त्यांचे आजोबा हयात असणेही जवळजवळ अशक्य ठरते. उलट प्रसंग दौलतरावांच्या काळात ढकलला, तर वासुदेवबुवा जोशी यांच्यासारख्या मराठी शिष्यांना हस्सूखाँकडून मिळालेल्या तालमीचा मेळ बसत नाही. या वासुदेवबुवांकडेच पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) शिकले. तेव्हा पडद्याआडून केलेले श्रवण आणि छातीवरचा जीवघेणा ताण हे दोन वेगळ्या काळांतील प्रसंग असून सांगणाऱ्यांनी ते एकत्र गुंफले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कथेमागे लखनौचे भाऊबंदकीचे वैरही आहे. बडे महंमदखाँ हे शक्करखाँचे पुत्र व नत्थन पीरबक्ष हे मक्खनखाँचे, असे परंपरा मानते. या वैरात आपला मुलगा कादिरबक्ष गमावल्यावर नत्थन पीरबक्ष नातवंडांसह ग्वाल्हेरला आले, असेही सांगतात. हे खरे असेल तर नातवांच्या गळ्यावर आजोबांनी लावलेल्या आशेत सूडाचा मोठा वाटा होता. घराण्याच्या आठवणींत हा प्रसंग शौर्याचा म्हणून सांगितला जातो. आजोबांच्या उद्गाराचे कौतुक होते. एका नातवाचा जीव जाताना वडीलधाऱ्याने त्याला थांबवले नाही, ही गोष्ट त्या कौतुकात झाकली जाते. ती झाकली जाऊ नये.

तालमीची पद्धत सर्वपरिचित आहे : गंडाबंधन (गुरूने मनगटाला धागा बांधून शिष्यत्व देणे), पहाटेचा खर्ज (खालच्या स्वरांचा रियाझ), एकेक चीज (बंदिश) महिनोन्महिने घोटणे. मुलांच्या बाबतीत खरा अडसर आवाज फुटण्याचा असतो. साधारण बारा ते पंधरा या वयात मुलाचे स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो. मुलींच्या आवाजात होणारा फरक बराच कमी असतो. या काळात तारसप्तकातील दमदार ताना घ्यायला लावल्यास गळ्यास इजा होऊ शकते. ग्वाल्हेर गायकीत खुला, जोरकस आवाज, सपाट (सरळ चढउताराची) तान आणि टप्पा या गानप्रकाराची चपळ फिरत यांवर भर असल्याने हा धोका येथे अधिक. आठव्या-नवव्या वर्षी वाहवा मिळवणाऱ्या मुलाचा आवाज चौदाव्या वर्षी बसला की घरची निराशा त्याच्याच माथी येते. जाणते उस्ताद या वयात मैफल बंद ठेवून केवळ मंद्रातील (खालच्या सप्तकातील) हलका रियाझ चालू ठेवीत.

घरातच शिकून मोठे झालेल्यांत कृष्णराव शंकर पंडित (१८९३–१९८९) हे प्रमुख होत. वडील शंकरराव व हद्दूखाँच्या परंपरेतील निसार हुसेनखाँ हे दोघे त्यांचे गुरू. निसार हुसेनखाँ पंडितांच्याच घरी राहत असल्याने घर आणि तालीमखाना यांत अंतर उरले नव्हते. कृष्णरावांनी १९१४ मध्ये शंकर गांधर्व विद्यालय काढले. वारसा मुलगा लक्ष्मणराव यांच्याकडे आला, आणि मुलींनी गायनाचा व्यवसाय करण्याची सुरुवात या घराण्यात नात मीता पंडित यांच्यापासून झाली. वाद्यसंगीतात हाफिज अलीखाँ यांचे पुत्र अमजद अलीखाँ (जन्म ग्वाल्हेर, १९४५) सहाव्या वर्षीच लोकांपुढे सरोद वाजवू लागले.

याच्या उलट टोकाचे उदाहरण भीमसेन जोशी यांचे. गदगच्या शिक्षकाचा हा मुलगा १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, गाण्यासाठी घर सोडून निघाला आणि फिरत फिरत ग्वाल्हेरच्या माधव संगीत विद्यालयात पोहोचला. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने व माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने १९१८ मध्ये निघालेल्या या शाळेत स्वरलिपी, इयत्ता आणि परीक्षा होत्या. शागिर्दाचे कूळ विचारले जात नव्हते. वडिलांनी अखेर त्यांना जालंधरहून घरी आणले आणि नंतर स्वतःच सवाई गंधर्वांकडे नेऊन सोपवले. मुलाची ओढ पाहून आपली अपेक्षा बदलणारा हा पिता बालप्रतिभेच्या चर्चेत क्वचित उल्लेखिला जातो. तो आवर्जून उल्लेखिला पाहिजे.

कुमार गंधर्व (१९२४–९२) यांचे आयुष्य सरले ते माळव्यात, देवासला. बालपण मात्र बेळगावकडचे. ध्वनिमुद्रिका ऐकून नामवंतांची गायकी हुबेहूब उभी करणारा हा मुलगा वडिलांबरोबर गावोगावी जलसे करीत असे. १९३६ च्या सुमारास तो मुंबईस बी. आर. देवधर यांच्याकडे आला. नकलेवर मिळणारी वाहवा बाजूला ठेवून रीतसर शिकण्यास तेथे त्याला अवधी मिळाला. पुढची स्वतंत्र गायकी त्या अवधीचे फळ मानावी लागेल.

ग्वाल्हेरच्या हजिरा भागातील तानसेनाच्या मकबऱ्याशेजारच्या चिंचेची पाने चावल्यास गळा गोड होतो, ही समजूतही तेथे टिकून आहे.

कायद्याच्या दृष्टीने पाहता, १९८६ च्या बालकामगारविषयक अधिनियमात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामास लावण्यास बंदी आहे. कौटुंबिक व्यवसायात शाळेच्या वेळेनंतर मदत करणे आणि दृक्‌श्राव्य मनोरंजनातील बालकलावंत यांना त्यातून सूट दिली आहे. २०१७ च्या नियमांनुसार बालकलावंताकडून दिवसात पाच तासांहून अधिक, व विश्रांतीविना सलग तीन तासांहून अधिक काम घेता येत नाही. सलग २७ दिवसांहून अधिक काळ त्याला कामास लावता येत नाही. मिळकतीचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदतठेवीत ठेवावा लागतो. दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांत उतरणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे नियम करारावर सही करण्यापूर्वी पाहावेत. घरातील पहाटेच्या रियाझाला मात्र असे कोणतेही तास लागू नाहीत. तेथे किती वेळ आणि कोणत्या वयात, हे पालक व गुरूच ठरवतात.