पांढरा दांडा आणि पिवळे घट

नवरात्र जवळ आलं की एक मेसेज दरवर्षी फिरतो. घटातले अंकुर पिवळेधमक आले तर धनलाभ, काळपट आले तर संकट. याच सुमारास गॅलरीत बाग करणाऱ्या मुंबईकरांच्या ग्रुपवर वेगळीच चर्चा चालू होते: लीक आपल्याकडे होईल का, आणि झालाच तर दुकानातल्यासारखा पांढरा होईल का? गंमत म्हणजे दोन्हींचं उत्तर एकाच रेणूपाशी जाऊन पोचतं.

लीक हा कांदा-लसणाच्या कुळातला, पण गड्डा न धरणारा. त्याचा जो दांडा आपण चिरतो ते खोड नव्हेच, केळीच्या बुंध्यासारखे एकात एक गुंडाळलेले पानांचे तळ आहेत. खरं खोड म्हणजे मुळांच्या वर बसलेली जेमतेम चकती. युरोपात लीक वसंतात पेरतात, हिवाळाभर जमिनीत उभा ठेवतात आणि लागेल तसा उपटतात. थंडीत त्याच्या पेशींमध्ये विद्राव्य साखरा वाढतात, त्यामुळे पाणी सहजी गोठत नाही आणि चवही गोडसर होते. ही गोडी मुंबईत विसरा. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर आला होता, तो आजवरचा नीचांक. तेवढ्यावर इथे काही गोठत नाही. पण पांढरेपणाचा थंडीशी काही संबंध नाही. त्याला अंधार लागतो, आणि अंधार मुंबईतही करता येतो.

क्लोरोफिल, म्हणजे पानांना हिरवा रंग देणारं हरितद्रव्य, पेशीत टप्प्याटप्प्यानं तयार होतं. सुरुवातीचा बराचसा मार्ग हिमोग्लोबिनमधल्या हीमचाच असतो. पुढे फाटा फुटतो: मध्यभागी लोह बसलं तर हीम, मॅग्नेशियम बसलं तर क्लोरोफिलची वाट. या वाटेवर अगदी शेवटाजवळ प्रोटोक्लोरोफिलाइड नावाचा रेणू येतो. त्याच्या एका कड्यातला दुहेरी बंध एकेरी करून तिथे दोन हायड्रोजन जोडले की मुख्य काम झालं. ते करणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) नाव पीओआर.

मला हे प्रकरण आवडतं ते इथे. विकर हजर आहे, रेणू त्याच्या खोबणीत बसलेला आहे, हायड्रोजन पुरवणारा एनएडीपीएचही शेजारीच आहे, तरी काळोखात काही म्हणजे काही घडत नाही. प्रोटोक्लोरोफिलाइडनं स्वतः एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, शोषला की मगच एनएडीपीएचकडून हायड्राइड (ऋणभारित हायड्रोजन) उडी मारतो, मागोमाग प्रोटॉन येतो, आणि सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आत सगळं आटोपतं. शरीरातली बहुतेक विकरं दिवस-रात्र सारखीच राबतात. थेट प्रकाशावर चालणारी फारच थोडी: एक हे, दुसरं अतिनील किरणांनी बिघडलेला डीएनए दुरुस्त करणारं फोटोलायेज, आणि तिसरं मेदाम्लं तोडणारं, ज्याचा शोध सूक्ष्म शैवालात २०१७ साली जाहीर झाला. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांकडे याच कामासाठी अंधारात चालणारं आणखी एक विकर असतं, म्हणून त्यांची रोपं काळोखातही हिरवी होऊ शकतात. सपुष्प वनस्पतींनी ते उत्क्रांतीच्या ओघात गमावलं.

मग अंधारात या रेणूचा साठा होत का नाही? कारण तो घातक आहे. सुटा प्रोटोक्लोरोफिलाइड भरमसाट साठला आणि अचानक ऊन पडलं, तर शोषलेली ऊर्जा तो ऑक्सिजनला देऊन बसतो आणि तो उत्तेजित ऑक्सिजन पेशीची नासधूस करतो. म्हणून फ्लू नावाचं प्रथिन (तापाशी संबंध नाही) या साखळीच्या अगदी सुरुवातीलाच लगाम घालतं. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या वनस्पतीत हे प्रथिन बिघडलं, तर अंधारात वाढवलेली रोपं उजेडात आणताच मरतात.

आता देवघराचा कोपरा आठवा. तिथे उजेड कमी, त्यामुळे क्लोरोफिल अडकलेलं. पिवळ्या-नारिंगी कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांना मात्र प्रकाशाची अट नाही, म्हणून अंकुर पिवळे. तोच घट खिडकीत ठेवला तर लवकरच हिरवा होऊ लागेल, मग लक्ष्मी रुसली म्हणायची का? आणि काळपट अंकुर म्हणजे बहुधा पाणी जास्त झाल्यानं धरलेली बुरशी.

लीकचं बी सप्टेंबरअखेर ट्रेमध्ये, आडोशाला पेरावं. रोपं पेन्सिलीएवढी जाड व्हायला दोन-अडीच महिने घेतात. मग खोल कुंडीत वीतभर खोल भोक पाडून एकेक रोप आत सोडायचं आणि नुसतं पाणी घालायचं. माती दाबायची नाही, ती हळूहळू आपोआप भरते. पुढे दांडा वाढेल तशी भर द्यायची. कुंडीत मातीला जागा उरली नाही, तर जाड खाकी कागदाची नळी दांड्याभोवती चढवावी, पानं मात्र उजेडात मोकळी हवीत. काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. दांडे दुकानातल्यापेक्षा बारीक निघतील, कारण आपली दुपार लीकला मानवणाऱ्या साधारण २० अंशांपेक्षा बरीच तापते. हिरवी पानं फेकू नका. ‘एक्झॉटिक’ म्हणून पैसे पांढऱ्या भागाचे घेतले जातात, पण कॅरोटिनॉइड आणि के जीवनसत्त्व हिरव्यात जास्त असतं. जून पानं सूपच्या पाण्यात उकळून गाळून घ्यावीत.

बी घरचं धरता येणार नाही. लीकला फुलावर यायला आधी काही आठवडे चांगली थंडी लागते, ती मुंबईत मिळत नाही. कांद्याच्या कुळातलं बी फार टिकतही नाही आणि आपल्या दमट हवेत तर लवकरच निकामी होतं, तेव्हा पाकिटावरची तारीख पाहून दरवर्षी ताजं घ्यावं.