कुंडीतली झाडं घरातली हवा शुद्ध करतात?

स्नेक प्लांट, मनी प्लांट ठेवा, हवा शुद्ध होईल, असं सांगितलं जातं तेव्हा दाखला असतो नासाच्या 1989च्या अभ्यासाचा. अभ्यास खरा आहे, निष्कर्ष मात्र ताणलेला. प्रयोग झाले छोट्या, हवाबंद पेट्यांमध्ये. बेंझीन, फॉर्माल्डिहाइडसारखे वायू आत सोडून ते किती घटतात, हे मोजलं.

घर हवाबंद नसतं. फटींतून, दारांतून हवा सतत बदलत राहते आणि या वायूंचं प्रमाण झाडांपेक्षा तीच कितीतरी वेगाने घटवते. 2019च्या एका आढाव्यानुसार तेवढाच परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान 10 झाडं लागतील, कदाचित 1000. मग माणसांनी राहायचं कुठे?

पीएम 2.5 या सूक्ष्म कणांची तर त्या पेट्यांमध्ये चाचणीच नव्हती. त्यांच्यासाठी हेपा फिल्टर लागतो. तो 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो, पण वायू नाही. वायूंसाठी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचा, म्हणजे वायू धरून ठेवणाऱ्या खास कोळशाचा, पुरेसा जाड थर हवा. स्वयंपाक करताना धूर बाहेर फेकणारा पंखा लावा. नुसती हवा आतल्या आत फिरवणारी चिमणी वायू काढत नाही. बाहेर प्रदूषण कमी असेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडा.

झाडं जरूर ठेवा, फक्त माती सतत ओली ठेवू नका, बुरशी धरते.