पित्ताच्या गोळीचंही नाव सांगा

डायलिसिसला येणाऱ्या माणसाची औषधांची पिशवी उघडली की रक्तदाबाच्या, कॅल्शियमच्या गोळ्यांसोबत बऱ्याचदा आणखी एक स्ट्रिप निघते: पित्ताची गोळी. रोज सकाळी उपाशीपोटी, वर्षानुवर्षं चालू असलेली. तिला घरात कुणी औषधात धरतच नाही. हिपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराच्या उपचारात मात्र तीच आडवी येऊ शकते. वेल्पाटास्विर हे औषध विरघळायला जठरात आम्ल लागतं. पित्ताच्या गोळीने आम्ल दाबून टाकलं की हे औषध रक्तात कमी उतरतं. म्हणून डॉक्टर पित्ताची गोळी शक्यतो थांबवतात. थांबवता येत नसेल, तर आधी जेवणासोबत वेल्पाटास्विर आणि चार तासांनी ती.

हा विषाणू रक्तातून पसरतो, आणि डायलिसिसमध्ये रक्त तासन्‌तास शरीराबाहेर फिरत असतं. हातमोजे बदलण्यातली हयगयसुद्धा लागणीला पुरते. त्यात याच रुग्णांवर उपचार करणं पूर्वी सर्वांत अवघड होतं. इंटरफेरॉनची इंजेक्शनं महिनोन्‌महिने घ्यावी लागत. जोडीच्या रिबाव्हिरिनने रक्त कमी होई, आणि किडनी निकामी असली की ते अंगात साठत जाई. २०१३ मध्ये सोफोसबुविर आलं; वेल्पाटास्विर याच्याच जोडीने देतात. नुसत्या गोळ्यांनी, बहुतेकांना 12 आठवड्यांत बरं करणारी ही औषधं. तरी किडनीचे रुग्ण दाराबाहेरच राहिले, कारण सोफोसबुविरचा अंश लघवीवाटे बाहेर पडतो. पुढे अनुभव जमत गेला आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डायलिसिसवरच्या रुग्णांसाठीही ते खुलं केलं. मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

भारतात २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधं मोफत मिळतात.

इतर आजारांचंही पाहावं लागतं. टीबीवरचं रिफाम्पिसिन, लघवी नारिंगी करणारं, या औषधांचा रक्तातला अंश फार घटवतं. म्हणून सहसा आधी टीबीचा कोर्स पुरा करतात. हिपॅटायटिस बीची तपासणी सुरुवातीलाच हवी, कारण सी हटल्यावर दबलेला बी उसळू शकतो. मधुमेह असेल तर विषाणू कमी होताना साखर उतरू शकते, इन्सुलिनची मात्रा पुन्हा बघावी लागते.

गोळ्या संपल्यावर 12 आठवड्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासतात. विषाणू सापडला नाही, तर आजार बरा झाला. अँटिबॉडीची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रतिपिंडांची, तपासणी मात्र बहुधा पुढेही पॉझिटिव्हच येते. त्यामुळे व्हायरल लोडचा तो कागद डायलिसिसच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवा.