तीनशे युनिट ओलांडले की सगळ्या युनिटांना वरचा दर? नाही!

पुण्यात एप्रिल-मेची बिलं आली की कोथरूडपासून हडपसरपर्यंत सोसायट्यांत तेच ऐकू येतं: ‘तीनशेच्या वर गेलो, म्हणून सगळ्याच युनिटांना वरचा दर लागला.’ असं होत नाही. महावितरणच्या घरगुती बिलात पहिले 100 युनिट, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढचे असे टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्याला त्याचाच दर. वापर 310 झाला तर तिसरा दर फक्त शेवटच्या 10 युनिटांना. या भीतीपायी महिनाअखेरीस घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पंखाही बंद करायला लावतात, याचं फार वाईट वाटतं.

मग बिल का फुगतं? आधी बिलावरचं चालू रीडिंग मीटरशी ताडून पाहा. मधले महिने सरासरीने बिल आलं असेल तर साठलेले युनिट एकदम येतात. ते त्या त्या महिन्यांत विभागूनच टप्पे लावायला हवेत. तसं केलेलं नसेल तर लेखी तक्रार द्या. बिल न भरता बसू नका. वीज कायदा 2003 च्या कलम 56 नुसार, हरकत नोंदवून बिलाची रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यांतली जी कमी ती भरली तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही.