जलपर्णीचं आच्छादन आणि जलपर्णीचं कंपोस्ट: वाळलं म्हणजे कुजलं नव्हे

नदीतून ओढलेली जलपर्णी चार दिवस काठावर तापली, खाकी पडली, की ट्रॉलीत भरून शेतात पसरायची आणि ‘जलपर्णीचं खत घातलं’ म्हणायचं, ही आता रीतच झाली आहे. पसरलं ते आच्छादन (जमीन झाकणारा थर) असतं, खत अजून झालेलंच नसतं. नावाचा घोळ एवढ्यावर थांबला असता तर बिघडत नव्हतं. पण या दोन्ही कामांना लागणारी जलपर्णी वेगळी, ती कापायची जागा वेगळी आणि चुकल्यावर होणारं नुकसानही वेगळं.

कंपोस्टचा ढीग कसा रचायचा हे बहुतेक शेतकऱ्यांना सांगावं लागत नाही, म्हणून थोडक्यात. जलपर्णीत (कोल्हापूरकडे जिला केंदाळ म्हणतात) ९३ ते ९५ टक्के पाणीच असतं. दोन-तीन दिवस सुकवून, बोटभर लांबीचे तुकडे करून, वजनाने ६ भाग जलपर्णी, ३ भाग शेण आणि १ भाग लाकडाचा भुसा किंवा बारीक पाचट असं मिश्रण करा. ढीग ५ फूट रुंद, ४ फूट उंच. मूठ आवळल्यावर बोटांच्या फटीत ओल दिसावी, पाणी गळू नये. आंबूस वास आला आणि तळातून काळं पाणी सुटलं, तर भुसा कमी पडला आहे. शेण वाढवून तो वास जात नाही.

आता खरा फरक. उन्हाने झाड मरतं, बी मरत नाही. जलपर्णीचं बी मोहरीपेक्षा बारीक असतं आणि चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं. पाणी ओसरून गाळ उघडा पडला, ऊन लागलं, की ते रुजतं. काठावरचं चार दिवसांचं ऊन त्याला काहीच करत नाही. त्याला मारते ती ढिगातली ओली उष्णता: ५५ अंश सेल्सियसच्या वर, सलग किमान तीन दिवस, आणि तीही ढिगाच्या प्रत्येक भागाला मिळायला हवी. कडेचा फूटभर थर कायम थंड राहतो, म्हणून ढीग पालटताना बाहेरचं आत आणि आतलं बाहेर असंच पालटायचं. पहिली पालटणी तापमान उतरायला लागलं की, साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी. पुढे आठवड्याला एक, अशा निदान चार. थर्मामीटर नसेल तर लोखंडी सळई ढिगाच्या पोटात दहा मिनिटं खुपसून ठेवा. बाहेर काढल्यावर ती मुठीत धरवत नसेल तर ढीग तापला आहे. नुसती कोमट लागली तर जे तयार होतंय ते काळं दिसेल, भुसभुशीत होईल, पण त्यात बी जिवंत असेल.

याच कारणासाठी नाडेप टाकीत (कंपोस्टसाठी बांधलेल्या विटांच्या जाळीदार टाकीत) फुलावर आलेली जलपर्णी भरू नये. नाडेप पद्धत चांगली आहे, काडीकचऱ्यासाठी उत्तमच आहे. पण ती टाकी पालटता येत नाही आणि भिंतीलगतचा थर तापत नाही. गांडूळखताचंही तेच. गांडुळं जगावीत म्हणून वाफा थंड ठेवावा लागतो आणि थंड वाफ्यात बीही सुखाने राहतं. आधी ढीग तापवा, निववा, मग गांडुळं सोडा. ताज्या जलपर्णीवर सरळ गांडुळं सोडण्याचा सल्ला देणं आता खरोखर बंद व्हायला हवं.

मग आच्छादन करायचंच नाही का? जरूर करावं, पण बी येण्याआधी कापलेल्या जलपर्णीचं. फूल दीड-दोन दिवसांत कोमेजतं, त्याचा दांडा वाकून पाण्याकडे झुकतो आणि बोंडं तिथे पिकतात. साधारण तीन आठवड्यांत बी सुटतं. तेव्हा जांभळे तुरे दिसू लागले की आच्छादनासाठी कापणी थांबवायची. तिथून पुढचा माल फक्त कंपोस्टचा. आणि तुरे येण्याआधीही सगळं झाड घ्यायचं नाही. पानं आणि फुगीर देठ तेवढे घ्यायचे, गड्ड्याच्या (पानं आणि मुळं जिथे जुळतात त्या जाड बुडख्याच्या) वर कापून. मुळांच्या झुबक्यात गाळ अडकतो आणि त्या गाळात मागच्या वर्षांचं बी असतं. गड्ड्यात कोंब असतात. बाहेरून वाळलेला गड्डा मोडून पाहिला तर आत बऱ्याचदा पांढरा, ओलसर आणि जिवंत असतो. कट्कन तुटला तरच मेला. वाकला तर जिवंत आहे.

वाळवणही पातळ हवं, वीतभर थर आणि रोज एकदा उलथणं. काठावर डोंगरासारखा ढीग घातला की वरचं कवच वाळतं, आत सगळं हिरवंगार राहतं, आणि पहिल्या पुराबरोबर ते परत पाण्यात. पुण्याहून मुळा-मुठेतून भीमेला आणि भीमेतून उजनीत जाणारी जलपर्णी अडवायची, तर काढलेला माल पूररेषेच्या वर न्यायलाच हवा. वाहतुकीचा खर्च वाचवण्याची ही जागा नव्हे.

आच्छादन टाकायचं ते डाळिंब, पेरू, आंबा अशा बागेत, निचऱ्याच्या जमिनीवर, खोडापासून वीतभर अंतर सोडून. शेततळं, पाट, ओढा किंवा भातखाचर यांच्या जवळपास अजिबात नको; चुकून आलेलं बी कोरड्या बागेत रुजत नाही, पण पावसाने वाहून शेततळ्यात पोचलं की रुजतं. हिशोबही आधी करून ठेवा. एक टन ओल्या जलपर्णीतून ५० ते ७० किलोच वाळका माल निघतो. एकरभर जमिनीवर दोन टन आच्छादन पसरायचं तर साधारण २९ ते ४० टन ओला माल लागेल. म्हणून झाडांच्या आळ्यांपुरतंच करणं शहाणपणाचं.

तणनाशक फवारलेली जलपर्णी आच्छादनाला घेऊच नये. प्लास्टिक वेचण्याचं मुद्दाम सांगायला नको.

एका बाबतीत मात्र दोन्ही सारखीच कमी पडतात: जड धातू. शिसं, कॅडमियम, क्रोमियम जलपर्णी पाण्यातून शोषून घेते, आणि पानांपेक्षा मुळांत जास्त साठवते. वाळवून ते उडत नाहीत, कुजवून नष्ट होत नाहीत. उलट कंपोस्ट होताना वस्तुमान घटतं, म्हणून किलोमागे धातूंचं प्रमाण वाढतं. कारखान्यांच्या पट्ट्यातून वाहणाऱ्या पवनेसारख्या नदीतला माल असेल तर कंपोस्टसाठीही मुळं बाजूला काढावीत आणि तयार खताचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये शहरी कंपोस्टसाठी किलोमागे कॅडमियमची मर्यादा ५ मिलिग्रॅम आहे, शिशाची १०० आणि क्रोमियमची ५०. आकडा याच्या वर गेला तर ते खत मेथी-पालकाच्या वाफ्यात नको, उसातही नको. दुभाजकावरच्या शोभेच्या झाडांना घालावं.